फुटाण्याचं जुळं

फुटाण्याच्या गळ्यातला पट्टा हिरव्याचा पिवळा झाला, तेव्हा जयमाला वडके गॅलरीत सांडगे वाळत घालत होती. ऊन पडलंय म्हणून तसा दिसत असेल, असं आधी तिला वाटलं. पण फुटाणा सावलीत होता. एरवी तो सांडग्यांवर डोळा ठेवून बसायचा. आज भिंतीला पाठ लावून आडवा झाला होता.

“अहो, याचा पट्टा पिवळा झालाय.”

“चार्जिंग संपलं असेल,” आतून रमाकांत म्हणाला.

“चार्जिंग संपलं की तो कुईकुई करतो. पट्टा म्हणतेय मी, कुत्रा नव्हे.”

रमाकांत बाहेर आला, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसला आणि त्यानं फुटाण्याची हनुवटी उचलून धरली. कुत्र्यानं शेपूट हलवलं, पण उठला नाही.

शहरातल्या बहुतेक कुत्र्यांच्या गळ्यात आता असे पट्टे आले होते. पट्टा कुत्र्याचा श्वास हुंगायचा. यकृत दमलं की जी घाण त्यानं गाळून टाकायची, ती रक्तात साठते आणि रक्तातून श्वासात उतरते. तिचा वास इतका पुसट असतो की माणसाच्या नाकाला तो कळत नाही. पट्ट्याला कळायचा. तो रोगाचं नाव मात्र सांगत नसे. जयमालाच्या फोनवर एवढंच आलं होतं: यकृताची शंका. डॉक्टरांना दाखवा.

“शंकाच आहे ना? आजार तर नाही म्हणत,” जयमाला म्हणाली.

“शंका जास्त वाईट. आजाराला औषध असतं,” रमाकांत म्हणाला आणि पायात चपला सरकवू लागला.

फुटाणा म्हणजे एवढासा जीव. रंग भाजलेल्या हरभऱ्याचा, कान अंगापेक्षा मोठे. तांबट आळीतली जुनी घरं पाडून ही सात मजली इमारत झाली, त्याच वर्षी तो पार्किंगमधे एका स्कूटरखाली सापडला होता. रमाकांतचं तांबटकाम तोवर बंद पडलं होतं. नव्या इमारतीत भट्टी पेटवायची सोय नव्हती, आणि छातीही धुराला कंटाळली होती. पण या पिल्लासाठी त्यानं हातोडी एकदा बाहेर काढली आणि पाणी प्यायला तांब्याचा एक वाडगा घडवला. त्याच्यावर हातोडीच्या ठोक्यांनी अशी मठारकामाची नक्षी उठवली की बघणाऱ्यानं विचारावं, हा कुणाच्या देवघरातला? फुटाण्याला त्या वाडग्याचं असं काही वेड लागलं की दुसऱ्या कशात घातलेलं तो खाईना. स्टीलच्या भांड्यात त्याला स्वतःचं तोंड दिसायचं आणि तो त्याच्यावर भुंकायचा. मग पाणीही त्यातच आणि जेवणही त्यातच.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर अस्मिता तडवी होत्या. वयानं लहान, आवाज मोठा. त्यांनी फुटाण्याचं पोट दाबून पाहिलं, रक्त काढलं आणि आकडे बघून ओठ आवळले.

“आजी, यकृत म्हणजे शरीराचं स्वयंपाकघर आणि मोरी, दोन्ही एकाच खोलीत. या पठ्ठ्याची मोरी तुंबायला लागलीय. का तुंबतेय ते आकड्यांवरून कळत नाही. पूर्वी सुई घालून यकृताचा तुकडा काढायचो. पण हा एवढासा, रक्त थांबलं नाही तर पंचाईत. आपण याचं जुळं करू.”

“कुत्र्याचं?” रमाकांतनं विचारलं.

“यकृताचं, आजोबा. अख्खा कुत्रा केला तर तुम्ही मला दोघांचा खर्च मागाल.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. रक्तातल्या पेशी घ्यायच्या आणि त्यांना पुन्हा बाळ करायचं, म्हणजे आईच्या पोटात असतात तशा, अजून काहीच न ठरलेल्या. मग त्यांना यकृत व्हायला शिकवायचं. काही दिवसांत काचेच्या पट्टीवर मसुरीच्या डाळीएवढं यकृत तयार होतं. रक्त त्याच कुत्र्याचं, म्हणून खोडीही त्याच्याच. केसाएवढ्या बारीक नळ्यांतून त्याला खाणं पोचवायचं, तेही असं की महिन्याभराचं खाणं एका दिवसात वाहून जाईल. खऱ्या यकृताला ज्या दुखण्यापर्यंत जायला वर्ष लागतं, तिथं जुळं दोन आठवड्यांच्या आत पोचतं. मग ते कापा, रंगवा, औषधं घालून बघा. कुत्र्याला सुई टोचावी लागत नाही.

“उद्या तो जे खातो ते सगळं थोडं थोडं घेऊन या,” डॉक्टर म्हणाल्या.

जयमालानं दुसऱ्या दिवशी डबा भरला. ताकभात, उकडलेलं अंडं, चपातीचा चुरा. स्टीलच्या तीन पुडांच्या डब्यात, वेगळं वेगळं, झाकणं घट्ट लावून. पाहुण्यांना द्यावा तसा.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी दोघांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर एक गुलाबी ठिपका होता, ताजातवाना.

“हे जुळं. वर्षभराचं तुमच्या घरचं जेवण जेवलंय आणि ठणठणीत आहे.”

“मग चांगलंच की!” जयमाला म्हणाली.

“चांगलं नाही, आजी. कारण हा तर आजारीच पडतोय. आजचे आकडे आणखी चढलेत.” डॉक्टरांनी फुटाण्याच्या पाठीवर हात ठेवला. “याचं यकृत मुळात किडकं असतं, तर जुळंही किडलं असतं. तुमच्या जेवणात खोट असती, तरी किडलं असतं. म्हणजे तुम्ही मला दिलेल्या डब्यात नाही असं काहीतरी याच्या पोटात जातंय. रोज थोडं थोडं.”

परतताना रिक्षात जयमालाला वाटत होतं, ही जुळी निघण्याआधी बरं होतं. कुत्रं आजारी पडलं की माणसं नशिबाला चार शिव्या देऊन मोकळी व्हायची. नशीब कुणाच्या शेजारी राहत नाही. आता मशीन सांगतं की शरीराचा दोष नाही, आणि मग माणूस दोषी शोधायला निघतो.

रमाकांतला तो शोधायला लांब जावं लागलं नाही. दामोदर निजामपूरकर तळमजल्यावर राहायचा. दोघं एकाच कारखान्यात पोरवयापासून हातोडी मारत मोठे झालेले. सकाळी पार्किंगमधल्या बाकावर दोघांची बैठक असे आणि फुटाणा दामूच्या पायांत. दामू खिशातून बिस्किट काढून त्याला भरवायचा. शिवाय तळमजल्यावर उंदीर फार, म्हणून महिन्यापूर्वी दामूनं उंदरांचं औषध आणलं होतं. त्यानंच ते कौतुकानं सगळ्यांना दाखवलं होतं.

“काय घालतोस तू माझ्या कुत्र्याला?” रमाकांत रिक्षातून उतरला तो थेट बाकापाशी गेला.

“बिस्किट,” दामू हसत म्हणाला. “का, तुला पण पाहिजे?”

“हसू नकोस. त्याच हातानं औषध टाकतोस ना उंदरांना? हात धुतोस का नंतर?”

“रम्या, शुद्धीवर आहेस का?”

“डॉक्टर म्हणाली, बाहेरून कुणीतरी विष घालतंय. बाहेरचा त्याला भरवणारा तूच एक आहेस.”

“भावजी, डॉक्टर असं म्हणाल्या नाहीत,” जयमाला मधे पडली. पण बोलणं पुढं गेलं होतं. रमाकांत म्हणाला, बायको गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही. त्यावर दामूचा चेहरा असा मिटला की जयमालाला बघवेना. तो उठला, खिशातला पुडा बाकावर ठेवला आणि घरात जाऊन त्यानं दार लावून घेतलं. दार आपटलं नाही, हळूच लावलं. ते आपटलं असतं तर बरं, असं तिला वाटून गेलं.

त्यानंतर बाक रिकामाच असे. फुटाणा मात्र सुधारेना. डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळसर झाक दिसू लागली, तशी डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं.

“आता पिंजऱ्यात कुणी बाहेरचा येणार नाही. बघू काय होतं ते,” त्या म्हणाल्या.

झालं असं की फुटाण्यानं खाणंच सोडलं. दवाखान्याच्या स्टीलच्या भांड्यावर तो अशक्त आवाजात भुंकला आणि तोंड फिरवून बसला. फोन आला तशी जयमालानं घाईघाईत सकाळी सवयीनं त्याच्या वाडग्यात कालवलेला ताकभात वाडग्यासकट उचलला, वर ताटली झाकली आणि वाडगा मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली. ऊन रणरणत होतं, रस्ते ओस. पोचल्यावर फुटाण्यानं वाडगा हुंगला, चार घास खाल्ले आणि थकून झोपला.

उरलेलं टाकायला म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी वाडगा नेला. पण पिंजऱ्यातल्या जनावराचं उष्टं तपासूनच टाकायचं, अशी डॉक्टरांची शिस्त होती. त्यातला चमचाभर जुळ्याच्या नळीत गेला.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी जयमालाला एकटीला आत बोलावलं. रमाकांतची छाती भरली होती, म्हणून तो घरीच होता.

पडद्यावर तोच ठिपका होता, पण ओळखू येत नव्हता. कडा आक्रसल्या होत्या आणि अंगभर लालसर कण विखुरले होते, लाडवावर खसखस असावी तसे.

“हे तांबं आहे, आजी. तांबं आपल्यालाही लागतं, पण कणभर. जास्तीचं यकृत पित्तातून बाहेर टाकतं. फुटाण्याचं यकृत हे काम जरा सावकाश करतं. एरवी ते कधी कळलंही नसतं, आयुष्य निघून गेलं असतं. पण त्याला रोज एवढं तांबं मिळालं, तर ते साठत जातं आणि पेशी जळतात. मला एक कळत नाही. तुमच्या डब्यातल्या ताकभातात तांबं नव्हतं. या ताकभातात कुठून आलं?”

जयमालानं टेबलावर धुऊन ठेवलेल्या वाडग्याकडं पाहिलं. आतून तो लख्ख होता. रोज ताकानं घासला जात होता, लख्ख असणारच. दोघं नवराबायको त्या चमकेवर खूश असायचे.

तांबटाच्या घरातली ती मुलगी आणि तांबटाचीच बायको. कल्हई नसलेल्या तांब्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, तोंडात धरवत नाही, हे तिला चालता येण्याआधीपासून ठाऊक होतं. घरात कुणाला असं ताक दिलं असतं, तर सासूनं भांडं अंगणात भिरकावलं असतं. पण तो नियम माणसांचा होता. वाडगा पाण्यासाठी घडवला होता, आणि पाण्याला कल्हई लागत नाही. मग फुटाणा त्यातच जेवू लागला, आणि कुत्र्याच्या वाडग्याला कल्हई लावावी असं आळीत कुणाच्या बापजन्मी मनात आलं नव्हतं. माणसानं पहिल्याच घोटाला थुंकलं असतं. फुटाणा थोडं थोडं दिवसभर चाटत बसायचा, आणि तो बिचारा काय सांगणार!

तिनं सगळं सांगितलं.

“तो वाचेल का?” तिनं विचारलं.

“अजून वेळ आहे. तांब्याला धरून लघवीतून बाहेर ओढणारी औषधं आहेत. यकृताचा एक गुण असा की, छळ थांबला की ते पुन्हा वाढतं. कोणतं औषध याला मानवतं ते मी आधी जुळ्यावर बघेन. पण तो वाडगा आजपासून बंद.” त्यांनी वाडग्याच्या नक्षीवरून बोट फिरवलं. “आजोबांनी घडवलाय ना? तुम्हाला वाटत असेल, तर मी त्यांना नुसतं खाण्यातून गेलं एवढंच सांगेन. खोटं नाही ते.”

रिक्षात जयमालाच्या मनात तेच घोळत होतं. खोटं नाही ते. रमाकांतच्या हातून घडलेली ही शेवटची वस्तू. बाकी सगळ्या त्यानं विकल्या किंवा मोडीत दिल्या. ही मात्र एका जिवासाठी केली होती. त्याला कळलं, तर तो पुन्हा स्वतःच्या हातांकडं बघेल का? वाडगा हरवला म्हणायचं, दवाखान्यातच राहिला म्हणायचं. खाण्यातून गेलं म्हणायचं. पण कुणाच्या खाण्यातून? रमाकांत दामूच्याच म्हणेल. आणि तळमजल्यावरचं ते दार तसंच राहील.

ती घरी आली तेव्हा गॅलरीतून ठकठक ऐकू येत होती. रमाकांत मांडी घालून बसला होता, नाकावर चष्मा, पुढ्यात तांब्याचा पत्रा. मधेच थांबून खोकत होता.

“हे काय आरंभलंत?”

“झाकण,” तो वर न बघता म्हणाला. “वाडग्याला. अशी कडी करतो की कुत्र्यानं नाकानं ढकललं तर उघडेल, माणसाच्या हाताला उघडणार नाही. बघू आता कोण काय घालतं ते.”

जयमाला त्याच्यासमोर खाली बसली. तिनं त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

“गेला का?”

“नाही हो! वाचणार आहे. ऐका.” आणि तिनं एका दमात सांगून टाकलं. ताक, कल्हई, लालसर कण. “मी घातला त्यात भात. तुम्ही पाण्यासाठी केला होता. माझीच चूक आहे.”

रमाकांत पत्र्याकडं बघत राहिला. बोटानं त्यानं कडेवरची एक खळगी चाचपली. जयमाला वाट बघत होती. तो रडेल, नाहीतर तो पत्रा खाली रस्त्यावर फेकून देईल.

“म्हणजे दामू नव्हता,” तो म्हणाला.

“नव्हता.”

“आणि मी त्याला त्याच्या बायकोवरून बोललो.”

तो उठला. चपला न घालताच जिना उतरू लागला. लिफ्ट होती, पण तिची वाट बघायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. जयमाला मागं धावली.

दामूनं दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलला नाही. रमाकांतला धाप लागली होती. त्यानं सांगायला सुरुवात केली आणि खोकल्यानं सगळं विस्कटलं. शेवटी जयमालानंच पुरं केलं. दामू खाली मान घालून ऐकत होता. ती थांबल्यावर त्यानं मान वर केली.

“दोन वर्षं,” दामू म्हणाला, “तुझ्या गॅलरीत बसून चहा पितोय मी. समोर हा ताकभात खातोय. तांब्यात. मी बघतोय. मीही तांबटच ना रे? मला तरी कुठं सुचलं?”

“तुझं काय त्यात—”

“गप. वाडगा तुझा, ताक वहिनीचं, डोळे माझे. तिघांनी मिळून घातलं बघ त्याला.” तो दारातून बाजूला झाला. “आत ये. पण बायकोवरून बोललास ते मी विसरणार नाही. मरेपर्यंत काढत राहीन.”

“काढ,” रमाकांत म्हणाला. “रोज काढ.”

“आणि पाय पूस आधी. अनवाणी हिंडतोस, पोर आहेस का!”

डॉक्टरांनी तांब्यानं माखलेल्या जुळ्याचे तीन भाग केले आणि प्रत्येकावर एकेक औषध घातलं. पहिल्यानं काही केलं नाही. नेहमी देतात ते दुसरं औषध याच्या पेशींना झेपेना, त्या आणखी सुकल्या. तिसऱ्यानं लाल कण विरळ होत गेले. “हे दुसरं मी एरवी डोळे मिटून दिलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. तिसरं औषध सुरू झालं. मातीचा एक पसरट परळ आणला, त्यात तोंड दिसत नाही. पहिले काही दिवस फुटाण्यानं त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. जयमाला हातावर घास घेऊन बसायची, रमाकांत आर्जवं करायचा, आणि दामू बाजूला बसून रमाकांतला टोमणे मारायचा. एका सकाळी फुटाण्यानं तिघांकडं बघितलं, दमून गेल्यासारखा उसासा टाकला आणि परळात तोंड घातलं.

पट्टा हळूहळू हिरवा होऊ लागला. कधी पुन्हा पिवळा व्हायचा, तेव्हा तिघांचे चेहरे उतरायचे. हिवाळा संपता संपता तो हिरवाच राहिला.

शेवटच्या तपासणीला दवाखान्यात तिघंही गेले. फुटाणा टेबलावर ठरत नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या पोटावरून यंत्र फिरवलं आणि म्हणाल्या, “मऊ झालंय. थोडे व्रण राहतील, पण काम करतंय. आता माझ्या सगळ्या पेशंटना मी एक जादा प्रश्न विचारते. काय खायला घालता, आणि कशात घालता.”

“मशीन एवढं हुशार, मग त्यानं का नाही विचारलं?” दामूनं विचारलं.

“ते विचारत नाही, आजोबा. दिलेलं खातं आणि सांगतं. विचारायचं मलाच सुचायला हवं होतं.”

त्यांनी कपाटातून एक काचेची पट्टी काढली. तिच्यावर नवा गुलाबी ठिपका होता. “कालच्या रक्ताचं हे ताजं जुळं. हवं तर मी हे पुढं पळवून दाखवते. आत्ताचं औषध, आत्ताचं जेवण, आणि किती वर्षं चालेल ते साधारण कळेल. बरेच लोक करून घेतात. मनाची तयारी होते म्हणतात.”

रमाकांतनं जयमालाकडं पाहिलं. दामू खिडकीतून बाहेर बघू लागला. हे ठरवणं त्या दोघांचं होतं. फुटाणा टेबलाच्या कडेशी येऊन, उडी मारू की नको अशा बेतात, पुढचे पाय हलवत होता.

जयमालानं त्याला उचलून खाली ठेवलं.

“नको, डॉक्टरबाई,” ती म्हणाली. “कुत्रा आहे. कुत्र्याएवढा जगेल.”